शनिवारचा हप्ता आणि महिन्याची बिलं : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दादाच्या घरच्या पैशांचं वेळापत्रक लावायचं काम आजपासून हातात घेतलंय. दादा नऱ्ह्याला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर आहे, त्याचा पगार महिन्याचा नाही, हप्त्याचा, दर शनिवारी संध्याकाळी रोख हातात. वहिनी सिंहगड रोडला तीन घरी स्वयंपाक करतात, तिथले पैसे महिन्याचे. धायरीत दोन खोल्या भाड्याने, आई त्यांच्याकडेच, आणि भाची सातवीत.

निमित्त झालं ते ५ जानेवारीचं. त्या दिवशी रविवार होता. दादाला शनिवारी हप्ता मिळाला, पैसे घरात होते, सोमवारी बँकेत भरू असं त्याच्या डोक्यात, कारण रविवारी बँक बंद म्हणजे ईएमआय पण सोमवारी जाणार असं त्याला वाटलं आणि पूर्वी तसंच व्हायचं. पण ज्या नॅचमधून हे ईएमआय बँक खात्यातून आपोआप कापले जातात ती यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पण चालू असते. रविवारी सकाळीच गाडीचा ईएमआय बाउन्स झाला. बँकेने चार्ज लावला, फायनान्सवाल्यांनी वेगळा लावला, दोन्ही मिळून हजाराच्या वर गेले. पैसे घरात डब्यात पडलेले असताना! मला हेच सहन होत नाहीये. माणूस आठवडाभर वेल्डिंगच्या धुरात उभा राहतो आणि त्याची दीड दिवसाची मजुरी फक्त तारीख चुकल्यामुळे जाते.

दादा म्हणाला, "अगं कमाईच कमी पडते, तारखांचं काय घेऊन बसलीस." मला तसं वाटत नाहीये. बघू लिहून.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळं वहीत उतरवलं, वहिनी शेजारी बसून सांगत होत्या आणि मी लिहीत होते.

येणं असं, की दादाचे रोजचे ८००, सहा दिवस भरले तर शनिवारी ४,८००, म्हणजे चार शनिवारचे १९,२००. वहिनींचे तीन घरचे मिळून ९,०००, त्यातलं एक घर १ तारखेला ३,५०० देतं, दुसरं ३-४ तारखेला ३,०००, तिसरं ८ ला २,५००. एकूण २८,२००.

जाणं म्हणजे भाडं ७,५००, गाडीचा ईएमआय ३,१५०, लाइट बिल हजाराच्या आसपास, भिशी २,०००, शाळेची व्हॅन १,२००, क्लास १,०००, दूध १,५००, सिलेंडर ८५० धरला, दोन मोबाइलचे रिचार्ज ६००. मग किराणा ४,०००, भाजी २,०००, पेट्रोल १,२००, आईची औषधं ८००. बेरीज २६,८००.

म्हणजे महिन्याला १,४०० उरायला पाहिजेत! वहिनी दोनदा बेरीज करून बघत होत्या, मग म्हणाल्या, "ताई, मग दर महिन्याला ५ तारखेला मी शेजारी हात का पसरते?"

त्याचं उत्तर त्याच पानावर आहे. भाडं ५ ला, ईएमआय ५ ला, व्हॅन १ ला, भिशी १० ला. १३,८५० रुपये महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत जातात आणि त्यातले जवळपास बारा हजार ५ तारखेपर्यंतच. तोपर्यंत हातात येतं काय, तर वहिनींची दोन घरं आणि दादाचा जास्तीत जास्त एक शनिवार. मग उसने घ्यायचे, पुढच्या शनिवारी फेडायचे, त्यामुळे तो शनिवार रिकामा, आणि २५ तारखेनंतर हातात थोडे जास्त दिसतात म्हणून खर्च पण होतात. कमाई कमी आहेच, ते मी नाकारत नाहीये, पण हे दुखणं कमाईचं नाही, तारखांचं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्री कॅलेंडर घेऊन बसले. साधी गोष्ट आहे पण मांडून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. महिन्यातला पहिला शनिवार १ ते ७ मध्ये कधीही येऊ शकतो. म्हणजे ५ तारखेपर्यंत शनिवार येईल का, याची खात्री नाही. १० तारखेपर्यंत एक शनिवार नक्की येतो. १५ पर्यंत दोन नक्की. २२ पर्यंत तीन नक्की. कुठलंही साल घ्या, कुठलाही महिना घ्या, यात फरक पडत नाही.

याच वर्षीचं बघितलं तर जूनमध्ये पहिला शनिवार ७ ला आहे, ५ ला दादाच्या हातात त्या महिन्याचा एक रुपया नसणार. एप्रिल आणि जुलैमध्ये ५ तारीखच शनिवारी आहे, तिथे तर अजून वाईट, ईएमआय सकाळी कापायला येतो आणि हप्ता संध्याकाळी मिळतो.

तर हप्त्यावर जगणाऱ्या माणसासाठी ५ ही तारीखच चुकीची आहे. मोठी बिलं १०, १५ आणि २२ वर न्यायची, हे पक्कं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुठलं बिल किती ताणतं ते आधी ठरवलं, सगळ्यांच्या मागे एकदम लागून उपयोग नाही.

ईएमआय अजिबात ताणत नाही. बाउन्सचे चार्जेस लागतात, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, नोंद होते, आणि पैसे नसल्यामुळे ऑटो डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखी केस पण होऊ शकते. लाइट बिल थोडं ताणतं, मुदत गेली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे कनेक्शन तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे एका दिवसात कोणी वायर कापत नाही, हे वहिनींना माहीतच नव्हतं, त्या दरवेळी लाइट बिल सगळ्यात आधी भरायच्या आणि ईएमआय मागे ठेवायच्या. दादाची विम्याची पॉलिसी वर्षाची आहे, नोव्हेंबरमध्ये, तिला तारखेनंतर ३० दिवस मिळतात (महिन्याचा हप्ता असता तर १५ च मिळाले असते). किराणा दुकानदार व्याज लावत नाही पण तिथे शब्दाचा प्रश्न असतो. भाडं ताणतं की नाही ते घरमालकांवर.

भिशीला हात लावायचा नाही असं ठरलं. दहा बायकांची आहे, दोन-दोन हजाराची, आणि वहिनींच्या हातात वर्षभरात एकरकमी पैसा येण्याचा तोच एक मार्ग आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हाफ डे टाकून दादाबरोबर फायनान्स कंपनीच्या ब्रँचला गेले. ईएमआयची तारीख बदलून मिळते का विचारलं. काउंटरवरचा मुलगा आधी नाहीच म्हणाला, मग आतून एक मॅडम आल्या, त्यांनी सांगितलं की ५, १० आणि १५ अशा तीन तारखा असतात, अर्ज दिला आणि नवीन मँडेट (खात्यातून ईएमआय आपोआप कापायची परवानगी) सही करून दिलं तर बदलता येते. मार्चचा ५ लाच जाणार, एप्रिलपासून १५.

एक गोष्ट विचारून घेतली ते बरं झालं. दहा दिवस पुढे गेल्यामुळे त्या दहा दिवसांचं व्याज एकदाच वेगळं लागणार, बाकी असलेल्या मुद्दलावर ते १८५ च्या आसपास येतंय, मॅडमनी ते काढून दाखवलं. दादा लगेच म्हणाला राहू दे मग. मी म्हटलं, दादा, एका बाउन्सला हजाराच्या वर गेले ना, मग १८५ महाग कसे? तेव्हा सही केली त्याने. जुनं मँडेट कधी बंद होणार हे पण लिहून घेतलंय, नाहीतर एकाच महिन्यात दोनदा कापायला यायचे.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरमालक काकांकडे गेलो, दादा, वहिनी आणि मी. दादाला हे बोलणंच नको होतं, "भाडं पुढे ढकला म्हटलं तर काका म्हणतील याची परिस्थिती ढासळली." म्हणून मी वहीच नेली आणि तारखा दाखवल्या. म्हटलं काका, एक रुपया कमी नाही करायचा, उशीर पण नाही करायचा, फक्त ५ ला एकदम ७,५०० ऐवजी ३,७५० दहाच्या आत आणि ३,७५० बावीसला, आणि हे कधी चुकणार नाही. काकांनी वही नीट वाचली. मग म्हणाले, "याच्या मालकाने शनिवारी दिलं तर हा देणार, एवढंच ना? पाच वर्षं राहतोय, मला काय त्याची काळजी." फक्त त्यांनी सांगितलं की पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात पण हेच लिहू, म्हणजे त्यांच्या मुलाशी नंतर वाद नको. मला ते फार आवडलं.

माझं मत असं झालंय की तारीख उलटून गेल्यावर बोलायला गेलो की ते गयावया वाटतं, आणि महिना आधी बोलायला गेलो की तो व्यवहार असतो. माणूस तोच, रक्कम तीच.

वहिनींना पण विचारलं की तिसऱ्या घरचे पैसे ८ ऐवजी १ ला मिळतील का. त्या म्हणाल्या, "नाही ताई, त्या मॅडमचाच पगार ७ ला होतो." आणि ते बरोबर आहे. १९३६ च्या वेतन कायद्यातच तसं होतं (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता), हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार, जास्त असतील तर दहाव्याच्या आत. मग कंपनी ७ ला देते, मॅडम ८ ला देतात, वहिनी १० ला भिशी भरतात. वरच्याची तारीख एक दिवस सरकली की खालच्या सगळ्यांची सरकते, आणि सगळ्यात खाली जो आहे त्याच्याकडे थांबायला काहीच नसतं. त्या मॅडमना सांगायला नको, पण हे मला आधी कधी असं दिसलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

आज सुरुवात. दादाच्या नावावर एक जुनं बचत खातं पडून होतं, त्याला बिलांचं खातं केलं, ईएमआयचं नवीन मँडेट पण त्यावरच दिलंय. त्याचं एटीएम कार्ड वहिनींच्या कपाटात.

हिशोब असा बसवला. व्हॅन, क्लास, भिशी, दूध, भाजी आणि आईची औषधं वहिनींच्या ९,००० मधून. भाडं, ईएमआय आणि लाइट हे ११,६५० दादाच्या हप्त्यातून. त्याला चारने भागलं की २,९१२ येतात, म्हणून दर शनिवारी २,९५० बिलांच्या खात्यात आणि उरलेले १,८५० घरात, किराणा, पेट्रोल, सिलेंडर, रिचार्ज त्यातून.

आता यातली खरी गंमत. बिलं वर्षात बारा वेळा येतात, शनिवार येतात ५२. बारा महिन्यांचे चार-चार धरले तर ४८ च होतात, चार शनिवार जास्तीचे. २०२५ मध्ये ते मार्च, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये आहेत, या चार महिन्यांत पाच शनिवार. दादा म्हणाला, म्हणजे चार वेळा ४,८०० मोकळे! तसं नाही. पाचव्या आठवड्यात पण माणसं जेवतात, पेट्रोल लागतं, तेव्हा घरचे १,८५० लागणारच. मोकळे फक्त बिलांचे २,९५०. पण चार वेळा २,९५० म्हणजे ११,८००, एका पूर्ण महिन्याची बिलं! वर्षभर हे पाचवे शनिवार हातात टिकले तर हे घर एक महिना पुढे जाऊन उभं राहील, कोणाकडे न मागता.

आणि पुढे राहण्याची गरज आहेच. कागदावर मांडून बघितलं, खातं शून्यावरून सुरू केलं तर २२ तारखेच्या भाड्याला २,८०० कमी पडतात, कारण चौथा शनिवार बहुतेक वेळा त्याच्यानंतर येतो. म्हणजे कायम एक शनिवार पुढे असलं पाहिजे.

आज खात्यात २,९५०, शिवाय वहिनींनी त्यांच्या १ तारखेच्या पैशातले १,००० वरून टाकले, २२ नंतर परत द्यायचे.

१० मार्च, सोमवार

५ ला ईएमआय गेला, ८०० राहिले. शनिवारी २,९५० आले, ३,७५० झाले, आणि आज भाड्याचे ३,७५० दिले. खात्यात शून्य. जमलं! वहिनींनी काकांना यूपीआय केलं आणि मला लगेच फोन.

या महिन्यात शेजारी जावं लागलं नाही.

१६ मार्च, रविवार

दोन गोष्टी.

दादाने शेठना विचारलं की हप्त्यातले २,९५० यूपीआयने त्या खात्यात टाकाल का आणि बाकीचे रोख द्याल का. शेठ काही बोलले नाहीत, कालपासून टाकायला सुरुवात केली. हे सगळ्यात महत्त्वाचं झालं असं मी म्हणेन. पैसे हातात आल्यावर बाजूला काढायचे म्हटलं की शनिवारी संध्याकाळी वाटेत चार खर्च उभे असतात, आणि सहा दिवस राबलेल्या माणसाला शनिवारी मन मार म्हणून सांगणं मला बरोबर पण वाटत नाही. घरी जे १,८५० येतात ते पूर्ण त्याचे आणि घराचे, त्यातून भजी आणली तरी कोणी बोलायचं नाही.

दुसरं लाइट बिल. बिलावर तीन रकमा असतात, लवकर भरलं तर कमी, मुदतीत भरलं तर पूर्ण, मुदतीनंतर जास्त. लवकरची सूट साधारण एक टक्का, ती पण कर वगळून, म्हणजे यांच्या बिलावर दहा रुपयाच्या आत. त्यासाठी धावपळ करून खातं रिकामं करायचं नाही. बिल आल्यावर मुदतीची तारीख बघायची आणि त्याच्या आधीच्या शनिवारनंतर भरायचं. पैसे असतील तर दहा रुपये घ्यावेत जरूर, पण त्या दहासाठी ईएमआय उघडा पडता कामा नये.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

काल पहिला पाचवा शनिवार झाला. वहिनींचे हजार परत गेले, सगळी बिलं गेली, खात्यात ३,१००. आजपर्यंत या घरात महिनाअखेरीला बिलांसाठी ठेवलेले पैसे कधी नव्हते. पाडव्याला मिक्सर घ्यायचा विषय निघाला, वहिनींनीच थांबवला, "ते पैसे एप्रिलचे आहेत."

५ एप्रिल, शनिवार

जुनं मँडेट खरंच बंद झालं का याची धाकधूक होती. कापायला कोणी आलं नाही. एप्रिलचा ईएमआय १५ ला.

१३ एप्रिल, रविवार

मोबाइलचा विषय. प्रीपेडचे बरेच प्लॅन २८ दिवसांचे असतात, त्यामुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात आणि तारीख दर महिन्याला मागे मागे सरकते. महिन्याच्या पगारवाल्याला ते त्रासाचं, आणि त्यावर ओरड झाल्यामुळेच ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. पण दादासाठी उलटं आहे! २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. एकदा शनिवारी रिचार्ज केला की कायम शनिवारीच संपणार. दोघांचे फोन दोन वेगळ्या शनिवारांवर लावून टाकले. ८४ दिवसांचा घेतला तरी बारा आठवडेच. महिन्यावर चालणाऱ्या जगात हप्तेवाल्याच्या सोयीचं असं एकच बिल मला सापडलं.

सिलेंडर ८ तारखेपासून ५० रुपयांनी वाढला. घरच्या १,८५० मधूनच जाईल.

माझं स्वतःचं पण एक काम उरकलं. माझा पगार ७ ला आणि क्रेडिट कार्डाचं बिल ५ ला यायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डाचं बिलिंग सायकल निदान एकदा आपल्या सोयीने बदलून मागता येतं, ॲपमधूनच झालं, आता शेवटची तारीख १२ येईल. अजून एक, देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उलटल्याशिवाय कार्डावर लेट फी लावता येत नाही. पण ते तीन दिवस अडीअडचणीसाठी, रोजच्या हिशोबात धरायचे नाहीत.

२५ मे, रविवार

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस आठवत नाही. दादाच्या शॉपचं निम्मं काम साइटवरचं, शेड आणि ग्रिल बसवायचं, ते ठप्प. काल हप्ता चारच दिवसांचा आला, ३,२००.

आता कसोटी आहे या सगळ्याची. २,९५० पूर्ण कापले तर घरात २५० राहतात, त्यात आठवडा निघणार नाही. म्हणून ठरवलं की हप्ता कमी आला तर घरचे १,८५० आधी, उरेल ते बिलांना. म्हणजे काल १,३५०. वहिनींना उलट वाटत होतं, बिलं आधी, आपण भागवू कसंही. मी ऐकलं नाही. भागवू कसंही म्हणजे काय होतं, आईच्या गोळ्या एक दिवसाआड होतात. बिलांसाठी पुढचे पैसे ठेवलेत ते याच दिवसासाठी, पोटाला तशी सोय नाही.

१ जून, रविवार

कालचा पाचवा शनिवार, ज्याची मी मार्चपासून वाट बघत होते, तो तीनच दिवसांचा आला. २,४००. घरचे १,८५० जाऊन खात्यात ५५० पडले. २२ मेला भाडं गेल्यावर खातं शून्यावर होतं, त्यामुळे आता एकूण १,९००. ठरल्याप्रमाणे पाऊस नसता तर ५,९०० असते.

वाईट वाटलं, खूप. पण हे पण लिहून ठेवते की मेमध्ये ४,००० ची मजुरी बुडाली आणि तरी भाडं वेळेत गेलं, ईएमआय वेळेत गेला, कोणाकडे उसने घेतले नाहीत. गेल्या वर्षी असं झालं असतं तर बाउन्स, शेजारी, किराण्याची उधारी, सगळं एकदम आलं असतं.

एक बदल केला. मे ते सप्टेंबर पाचवा शनिवार हिशोबात धरायचाच नाही, आला तर आला.

११ जून, बुधवार

भिशीचा नंबर वहिनींनी जूनसाठी मागून ठेवला होता, तो काल लागला, २०,०००. शाळा १६ ला सुरू होतेय. वह्या, गणवेश, फी, रेनकोट, आणि त्यातले १,००० बिलांच्या खात्यासाठी काढून ठेवलेत, कारण कागदावर २२ जूनला ९०० कमी पडताना दिसतायत.

२२ जून, रविवार

१५ तारीख या वेळी रविवारी होती, जानेवारीसारखीच. पण शेठनी शनिवारीच पैसे टाकले होते, ईएमआय शांतपणे गेला. दादाने रविवारी सकाळी मेसेज आल्या आल्या मला पुढे पाठवला, वर काही लिहिलं नव्हतं.

पालख्या शहरात होत्या, वहिनी काल सारसबागेकडे जाऊन आल्या. आज भाडं दिलं. भिशीचे हजार वापरावे लागले, खात्यात १००.

६ जुलै, रविवार, आषाढी

काल ५ तारीख आणि शनिवार एकत्र. जुन्या हिशोबात सकाळी ईएमआय आणि भाडं, संध्याकाळी हप्ता. आता काहीच घडलं नाही. खात्यात ६,०००, १० ला भाड्याचे ३,७५० जातील.

शॉपमधला दादाचा एक सोबती आज वही बघायला आला. तो आता चाकणला कॉन्ट्रॅक्टवर गेलाय, पगार महिन्याला, १० तारखेला. त्याला मी सांगितलं की तुझं काम वेगळं आणि सोपं आहे, तुकडे पाडायचे नाहीत, उलट सगळं १२ ते १५ मध्ये गोळा कर, पगार एक-दोन दिवस मागे पुढे झाला तरी चालेल एवढी जागा ठेव, आणि घरखर्चाचे मात्र चार भाग करून ठेव नाहीतर २५ नंतर ओढाताण होते. हप्तेवाल्याने बिलांचे तुकडे करायचे आणि महिनेवाल्याने खर्चाचे. तो ईएमआयची तारीख बदलायला जाणार आहे, त्याला व्याजाचं विचारून घे म्हणून सांगितलं.

२७ जुलै, रविवार

१५ ला ईएमआय, २० ला लाइट बिल ९५०, २२ ला भाडं. काल शनिवारचे २,९५० आल्यावर खात्यात ३,२५०. म्हणजे आपण परत एक शनिवार पुढे आलो, मे मधलं भरून निघालं. भिशीचे १,००० ऑगस्टमध्ये वहिनींना परत द्यायचेत.

ऑगस्टमध्ये पाच शनिवार आहेत पण गणपती २७ ला बसतात आणि पाचवा शनिवार ३० ला, म्हणजे सणाच्या खर्चाला तो उपयोगी नाही, हे वहिनींनीच कॅलेंडरवर बघून मला सांगितलं. त्यांनी मूर्तीचे पैसे दर शनिवारी घरच्या १,८५० मधून दीडशे बाजूला काढायला सुरुवात केलीये. वही आता त्यांच्याकडे राहील, बेरजा भाची करते. नोव्हेंबरच्या विम्यासाठी ३० ऑगस्टचे २,९५० धरायचे की दिवाळीनंतर बघायचं हे अजून ठरलेलं नाही, दादाचं म्हणणं आहे आधी पाऊस जाऊ दे.